पडद्याआडचे बालरक्षक

बालदिन म्हटला की गुलाबाची फुले, वेशभूषा स्पर्धा आणि पंडित नेहरूंच्या आठवणी असे चित्र डोळ्यांपुढे येते. याच दिवशी, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम’ म्हणजेच पॉक्सो कायदा देशात अंमलात आला, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी राहत नाही. कायद्याच्या कलमांना स्वतःचे हातपाय नसतात. अत्याचार सोसलेल्या मुलापर्यंत पोहोचणारे, त्याचे म्हणणे न रागावता ऐकून घेणारे, त्याला रुग्णालयात, समितीपुढे आणि पुढे न्यायालयात सोबत करणारे कोणीतरी माणूस लागते. समुपदेशक, समाजकार्यकर्त्या, बाल कल्याण समितीचे सदस्य, पोलीस कर्मचारी, डॉक्टर, वकील अशा अनेक रूपांनी ही माणसे काम करीत असतात. सत्कार-समारंभांच्या या राज्यात त्यांच्या गळ्यात हार पडलेला मात्र क्वचितच दिसतो.

याचे एक कारण या कामाच्या स्वरूपातच आहे. पॉक्सो कायद्याच्या २३ व्या कलमानुसार पीडित बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती किंवा शाळा यांपैकी काहीही प्रसारमाध्यमांतून उघड करता येत नाही. तसे केल्यास सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ही तरतूद अत्यंत आवश्यक आहे. पण तिच्यामुळे त्या मुलासाठी राबलेला माणूसही आपोआप पडद्याआड जातो. शस्त्रक्रिया यशस्वी झालेला रुग्ण डॉक्टरांचे जाहीर आभार मानतो, शिष्यवृत्ती मिळालेला विद्यार्थी गुरुजींचे नाव घेतो. अत्याचारातून सावरलेले मूल मोठे होऊन कोठे नोकरी करते, त्याचा संसार कसा चालला आहे, हे सांगण्याची मुभा त्याच्या समुपदेशकाला नसते आणि त्यानेही ती मागू नये, असाच या व्यवसायाचा दंडक आहे.

शासनाने असा गौरव करण्याचा प्रयत्न केला नाही, असे म्हणता येणार नाही. बालकल्याणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांसाठी केंद्र सरकारने १९७९ मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, राष्ट्रीय बालकल्याण पुरस्कार सुरू केला. १९९४ मध्ये त्याच्या जोडीला राजीव गांधी मानवसेवा पुरस्कार आला. २०१८ मध्ये या दोन्हींचे रूप बदलून ‘बाल कल्याण पुरस्कार’ असे एकच नाव देण्यात आले. पुढे मात्र झोत मुलांच्या कर्तृत्वावरच राहिला. ‘प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार’ जानेवारी २०२३ मध्ये ११, जानेवारी २०२४ मध्ये १९ आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला, वीर बालदिनी, १७ मुलामुलींना देण्यात आले. शौर्य, क्रीडा, कला, विज्ञान यांतील या मुलांचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु मुलांसाठी झटणाऱ्या मोठ्यांचा वर्ग त्या यादीत नव्हता.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सिंधुताई सपकाळ यांना २०२१ मध्ये जाहीर झालेला ‘पद्मश्री’ हा या क्षेत्राला मिळालेला सर्वांत मोठा सार्वजनिक मान. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. तो अनाथ मुलांना घर देणाऱ्या मातृत्वाचा गौरव होता आणि तो यथोचितच होता. पण हे काम ममतेच्या बळावर होते, त्यासाठी शिक्षण, पगार आणि पदे लागत नाहीत, अशी एक समजूत अशा गौरवांच्या भाषेतून नकळत बळावते. बालसंरक्षण हा एक व्यवसाय आहे, त्याचे स्वतःचे शास्त्र आहे आणि त्याची मुळे मुंबईत शंभर वर्षे जुनी आहेत, हे त्यामुळे विसरले जाते.

मुंबई इलाख्यात बालकांसाठीचा कायदा झाला तो १९२४ मध्ये. त्यापाठोपाठ १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी आणि मानखुर्द येथील तिची बालगृहे मुंबईकरांना नावाने तरी ठाऊक असतात. १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी शाळा निघाली आणि पुढच्याच वर्षी तिने मुलांसाठी मार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. मार खाणारे, घाबरलेले, गप्प झालेले मूल हे ‘हट्टी’ किंवा ‘बिघडलेले’ नसून त्याला मदतीची गरज आहे, ही दृष्टी अशा चिकित्सालयांतून रुजू लागली. वैद्यकशास्त्राला याची रीतसर नोंद घेण्यास बराच काळ लागला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांच्या जखमांविषयीचा आपला गाजलेला शोधनिबंध प्रसिद्ध केला तो १९६२ मध्ये. घरात पडून हाड मोडले, या पालकांच्या सांगण्यावर डॉक्टरांनी डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हा त्याचा आशय होता. त्यानंतरच्या पाच वर्षांत तेथील सर्व राज्यांनी अशा घटना कळविणे डॉक्टरांवर बंधनकारक केले.

दस, नौ, आठ

मुंबईनेच देशाला १०९८ हा क्रमांकही दिला. टाटा समाजविज्ञान संस्थेत अध्यापन करणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांना रस्त्यावरील मुलांचे रात्री-अपरात्री दूरध्वनी येत. कोणी आजारी असे, कोणाला पोलिसांनी पकडलेले असे, कोणाला नुसते बोलायचे असे. त्यातून १९९६ मध्ये ‘चाइल्डलाइन’ सुरू झाली. ‘दस, नौ, आठ’ असा उलटा मोजता येणारा क्रमांक मुलांच्या तोंडी सहज बसला. विशेष म्हणजे आरंभी हे दूरध्वनी उचलणाऱ्यांत रस्त्यावर वाढलेले तरुणही होते. पुढे ही सेवा देशभर पसरली. २०२३ मध्ये ती शासनाकडे गेली, ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली आणि जिल्हा पातळीवरची जबाबदारी जिल्हा बाल संरक्षण कक्षांकडे आली. क्रमांक तोच राहिला. तो उचलून धावत जाणारे हात मात्र बदलले. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांचा अनुभव या हस्तांतरात कितपत जपला गेला, हा प्रश्न रास्त आहे.

याच शहरातील कामाठीपुऱ्यात प्रीती आणि प्रवीण पाटकर यांनी १९८६ मध्ये ‘प्रेरणा’ संस्था सुरू केली. वेश्यावस्तीतील मुलांचे सर्वाधिक हाल रात्री होतात, हे ओळखून तिने रात्रनिवारा केंद्र काढले. आई धंद्यावर असताना मुलाला जेवण, अभ्यास आणि निर्धास्त झोप मिळावी, इतकी ही साधी कल्पना. पण वाईट घडून गेल्यावर धावण्याऐवजी ते घडूच नये यासाठी रात्रभर जागणारे हे काम आहे. न घडलेल्या गोष्टीची आकडेवारी ठेवता येत नाही आणि म्हणूनच कदाचित तिला पारितोषिकही मिळत नाही.

दहा वर्षांची सोबत

या कामात चिकाटी म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर कुलाब्यातील ‘अँकरेज’ निवारागृहांचा खटला पाहावा. निराधार मुलांसाठी ही गृहे डंकन ग्रँट या ब्रिटिश नागरिकाने १९९५ मध्ये सुरू केली होती. परदेशी साहेब गरिबांच्या मुलांना खाऊपिऊ घालतो, कपडे देतो, याचे परिसरात कौतुकच होते. तेथे राहणाऱ्या मुलांनी दबक्या आवाजात सांगितलेल्या गोष्टी काही कार्यकर्त्यांनी गांभीर्याने ऐकल्या आणि बालहक्कांच्या क्षेत्रातील वकील महारुख अडेनवाला व ‘चाइल्डलाइन’ यांनी प्रकरण हाती घेतले. २००१ मध्ये गुन्हा नोंदला गेला.

तेव्हा पॉक्सो नव्हता. भारतीय दंडविधानाच्या जुन्या कलमांवर भिस्त ठेवावी लागली. मुलग्यांवरील लैंगिक अत्याचाराला स्वतंत्र नाव देण्याचीही तेव्हा कायद्यात सोय नव्हती. दोन मुख्य आरोपी परदेशात होते. त्यांपैकी अ‍ॅलन वॉटर्स याला अमेरिकेतून प्रत्यार्पण करून आणावे लागले. २००६ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोघा ब्रिटिशांना सहा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. जुलै २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. साक्ष देण्याचे धाडस केलेल्या मुलांना त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. ‘चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन’ आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या साक्षी विश्वासार्ह ठरवून सत्र न्यायालयाची शिक्षा कायम केली.

या दहा वर्षांत तक्रार करणारी मुले वयात आली. कोणी कामाला लागले, कोणी शहर सोडले. साक्षीच्या तारखांना त्यांना शोधून आणणे, बचाव पक्षाच्या उलटतपासणीनंतर त्यांना सावरणे, निर्दोष मुक्ततेच्या निकालानंतर ‘तुम्ही खोटे बोलला नव्हता’ हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहणे, यातले काहीही निकालपत्रात येत नाही. निकालपत्रात येतात ती कलमे.

गोव्याची कहाणी याहून थोडी आधीची. मडगाव येथे अनाथालय चालविणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. या खटल्याचा पाठपुरावा पत्रकार आणि कार्यकर्त्या शीला बारसे यांनी केला. तुरुंगातील मुलांचा प्रश्न घेऊन १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावणाऱ्या त्या ह्याच शीला बारसे. पीट्स प्रकरणाने हादरलेल्या गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बालक कायदा केला आणि त्याखाली स्वतंत्र बालन्यायालय आणले. केंद्राचा पॉक्सो येण्याच्या नऊ वर्षे आधी एका छोट्या राज्याने हे केले, याची नोंद घ्यायला हवी.

‘सपोर्ट पर्सन’ म्हणजे कोण?

पॉक्सो कायद्याने आणि त्याखालील २०२० च्या नियमांनी मुलाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसांची एक साखळीच आखून दिली आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. बाल कल्याण समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि तिने महिन्यातून किमान २० दिवस बसणे कायद्याला अपेक्षित आहे. विशेष न्यायालयात आरोपी मुलाच्या नजरेस पडणार नाही अशी व्यवस्था करावी लागते आणि वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारले जातात. या साखळीतला सर्वांत कमी परिचित, पण मुलाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा दुवा म्हणजे ‘सपोर्ट पर्सन’ अर्थात साहाय्यकारी व्यक्ती.

बाल कल्याण समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने ही व्यक्ती नेमते. तपासापासून खटल्याच्या अखेरपर्यंत तिने मुलासोबत राहायचे असते. पुढची तारीख कधी, आरोपी जामिनावर सुटला आहे काय, नुकसानभरपाईचा अर्ज कोठे करायचा, शाळा सुटू नये म्हणून काय करायचे, हे सारे तिने पाहायचे. घरातलाच कोणी आरोपी असेल, आणि अनेकदा तसेच असते, तर ‘तक्रार मागे घे’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना तोंड देण्याची पाळीही तिच्यावरच येते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२ हजार ४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांतील ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले आणि अत्याचारी व्यक्तींपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. तेव्हा साहाय्यकारी व्यक्तीची लढाई अनोळखी गुन्हेगारापेक्षा ओळखीच्या घराशीच अधिक असते.

प्रत्यक्षात ही नेमणूक अनेक ठिकाणी होतच नव्हती. उत्तर प्रदेशातील ललितपूरच्या एका प्रकरणावरून ‘बचपन बचाओ आंदोलन’ ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ ऑगस्ट २०२३ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की साहाय्यकारी व्यक्तीची गरज आहे की नाही हे पालकांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. अशी मदत उपलब्ध आहे आणि ती मागण्याचा हक्क आहे, हे प्रत्येक प्रकरणात त्यांना सांगितले गेले पाहिजे. गुन्हेगाराला पकडून शिक्षा देणे म्हणजेच न्याय नव्हे, घटनेनंतरच्या दिवसांत मुलाला मिळणारा आधार हाही न्यायाचाच भाग आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. अत्याचारग्रस्त मुलांच्या आधारकर्त्यांचा याहून अधिकृत गौरव दुसरा कोणता नसावा.

आता त्यांच्या मोबदल्याकडे पाहावे. २०२० च्या नियमांनुसार साहाय्यकारी व्यक्तीला द्यायचे मानधन किमान वेतन कायद्यातील कुशल कामगाराच्या वेतनापेक्षा कमी असू नये. म्हणजे खालची मर्यादा तेवढीच. जिल्हा बाल संरक्षण कक्षांतील पदे बव्हंशी कंत्राटी आहेत. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत समुपदेशक आणि समाजकार्यकर्ता यांच्यासाठी दरमहा १८ हजार ५३६ रुपये, तर वस्त्यावस्त्यांत फिरणाऱ्या क्षेत्र कार्यकर्त्यासाठी १० हजार ५९२ रुपये धरले आहेत. समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी घेऊन आलेली तरुण मुलगी मुंबई-पुण्यात या पैशात किती वर्षे टिकेल? ती गेली की नव्या माणसाला सारी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगण्याचे काम मुलाच्या वाट्याला येते. मुलाला एकच गोष्ट वारंवार सांगावी लागू नये, यासाठीच तर हा सारा कायदा आहे.

याच विचाराने १९८५ मध्ये अमेरिकेतील हंट्सव्हिल या गावी पोलीस, डॉक्टर, समुपदेशक आणि सरकारी वकील यांना एकाच घरगुती वास्तूत आणणारे केंद्र सुरू झाले होते. हैदराबाद पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेले ‘भरोसा’ केंद्र हे आपल्याकडचे त्याच जातीचे उदाहरण. न्यायालयांच्या बाबतीत महाराष्ट्रातून गेलेल्या ‘स्मृती तुकाराम बडदे’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये बालकांसह सर्व दुर्बल साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्षकेंद्रे उभारण्याचे निर्देश दिले.

साखळीतला एक दुवा निसटला तर काय होते, हे ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला दिसले. शिशुवर्गातील दोन मुलींच्या पालकांना तक्रार नोंदविण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास थांबावे लागल्याचे समोर आले, लोक रेल्वेमार्गावर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. वृत्तपत्रांचे रकाने भरले. मुलीने सांगितले त्याच दिवशी तक्रार नोंदली गेली, शाळेने काही लपविले नाही, अशी प्रकरणेही घडतात. त्यांची बातमी होत नाही.

पोलिसांविषयी बोलताना राजेंद्र भोसले यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातील या सहायक उपनिरीक्षकाने सहकाऱ्यांसह २००८ ते २०१५ या काळात बेपत्ता झालेल्या १६६ मुलींपैकी १६५ जणींचा छडा लावला. राहिलेली एक मुलगी जानेवारी २०१३ मध्ये शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली होती. भोसले २०१५ मध्ये निवृत्त झाले, पण तिचा शोध त्यांनी सोडला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये, नऊ वर्षांनी, ती सापडली. तेही स्वतःच्या घरापासून फारशी दूर नसलेल्या ठिकाणी. निवृत्त माणसाने चालू ठेवलेला हा तपास कोणत्याही सेवानियमात बसत नाही.

दुसऱ्याचे दुःख दिवसेंदिवस ऐकणाऱ्याच्या मनावरही ओरखडे उठतात. झोप उडते, स्वतःच्या मुलांविषयी अकारण धास्ती वाटते, कधी उलट सारेच बधिर होऊन जाते. मानसशास्त्र याला दुय्यम आघात म्हणते. त्यावरचे उपायही ठाऊक आहेत. एका व्यक्तीकडे मर्यादित प्रकरणे असावीत, अनुभवी मार्गदर्शकाशी नियमित बोलणे व्हावे, हक्काची रजा मिळावी. सैनिक आणि अग्निशामक यांच्या बाबतीत समाजाला हे पटते. समुपदेशिकेच्या बाबतीत ‘नुसते बोलण्याचे तर काम’ अशी भावना असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात बालकांविरुद्धचे १ लाख ६२ हजार ४४९ गुन्हे नोंदले गेले आणि त्यांतील सुमारे ४० टक्के पॉक्सोखालचे होते. यातील प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी एक मूल बोलले आणि कोणीतरी एका मोठ्या माणसाने ते ऐकले.

ऐकणाऱ्या त्या पहिल्या माणसासाठी कायद्यात काय आहे, हेही ठाऊक असलेले बरे. शेजारी, शिक्षक, डॉक्टर किंवा नातेवाईक यांपैकी कोणालाही असा गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडेल अशी भीती वाटली तर पॉक्सोच्या १९ व्या कलमानुसार स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविणे बंधनकारक आहे. गुन्हा घडल्याचे ठाऊक असून न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडविल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. पुरावा गोळा करणे हे त्याचे काम नाही; ते पोलिसांचे. बाल कल्याण समितीला २४ तासांच्या आत कळविण्याची जबाबदारीही पोलिसांचीच आहे. १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.